नव्याण्णव नाबाद

अण्णा,

गेल्या महिन्यात क्लबच्या सेक्रेटरींचा फोन आला. तुमच्या वेळचे सेक्रेटरी नव्हेत, ते कधीच गेले. हे चाळिशीतले आहेत, मला मॅडम म्हणतात. क्लबची वेबसाइट करतोय म्हणाले. वेबसाइट म्हणजे सगळ्या जगाला घरबसल्या वाचता येणारा फळा समजा. त्या फळ्यावर त्यांना मर्यादित षटकांच्या सामन्यांतले खेळाडूंचे विक्रम लिहायचे आहेत. सगळ्यांत जास्त धावा कुणाच्या, एका डावात सगळ्यांत जास्त विकेटी कुणाच्या, वगैरे. "स्कोअरच्या जुन्या वह्या सरांकडंच, तुमच्या वडिलांकडंच राहिल्या असं सगळे सांगतात, तुम्ही तेवढे आकडे काढून द्याल का?" मी देते म्हणाले आणि फोन ठेवून तशीच उभी राहिले. कारण त्यांचा पहिला प्रश्न काय असणार ते मला माहीत होतं, आणि त्याचं उत्तर तुमच्या वहीत तुमच्या हातानं लिहिलेलं आहे. ते बरोबर आहे की नाही हे मात्र तेव्हा मला सांगता आलं नसतं.

तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, पण त्या रविवारबद्दल कधी नाही. आज लिहितेय.

सुरुवात स्वयंपाकघरातच झाली होती. उस्मानपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत आई भाकरी थापायची आणि तुम्ही पाटावर बसून मला अंपायरच्या खुणा शिकवायचात. दोन्ही हात आडवे म्हणजे वाईड, एक हात आडवा म्हणजे नो बॉल, हात वर करून तळवा उघडा म्हणजे बाय, गुडघा उचलून त्याला हात लावला की लेग बाय. बॅटला न लागता पायाला लागून गेलेला बॉल. त्याची धाव संघाला मिळते, खेळणाऱ्याच्या नावावर पडत नाही. आई म्हणायची, "पोरगी टेलिफोन एक्स्चेंजात नोकरीला लागली, तिचं लग्नाचं बघा, अन् हे तिला गुडघ्याला हात लावायला शिकवतायत." तुम्ही हसला नाहीत. तुम्हाला घाई होती. लांबचं दिसणं कमी कमी होत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले होते मोतीबिंदू अजून पिकला नाही, थांबा. वही नाकाशी धरली की अक्षर दिसायचं, पण खेळपट्टीवरची माणसं तुम्हाला पांढऱ्या पुसट रेघांसारखी दिसायची. हे क्लबात कुणाला कळू द्यायचं नव्हतं. बावीस वर्षं तुम्ही त्या क्लबचं स्कोअरिंग केलं होतं. शाळेतली गणिताची मास्तरकी संपली होती, आता ती वही तेवढी राहिली होती.

मग मी तुमच्या शेजारी बसायला लागले. लोकांना वाटायचं, वडिलांना पाणी-चहा द्यायला येते. मी ओठ न हलवता बोलायला शिकले. "एक, डावखुरा." "डॉट." "चौका, मिडविकेट." तुम्ही लिहायचात. धावांची बेरीज तुम्ही पुटपुटत उर्दूत करायचात, कारण पाढे निजामाच्या शाळेत उर्दूत शिकलेले. पोलिस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठी झाल्या, तुम्ही शिकवलंतही मराठीत, पण मोजणी शेवटपर्यंत उर्दूतच राहिली. अंपायरनं खूण केली की मी तुमच्या कोपराला बोट लावायची, तुम्ही हात वर करून पोच द्यायचात. चार हंगाम आपण असं केलं आणि कुणाला शंका आली नाही.

पहिल्याच हंगामात मी एकदा म्हणाले होते, "बहुतेक बाय." तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. मान न वळवता म्हणालात, "बहुतेकचा रकाना कुठंय या वहीत? दाखव." मी पेन्सिल उचलून तुमच्या हातात दिली. "दिसलं असेल तर सांग. नाही दिसलं तर 'नाही दिसलं' म्हण, मी खेळ थांबवून अंपायरला विचारतो. पण बहुतेक म्हणू नको." तुमचं बरोबरच होतं. पण मी त्यातलं अर्धंच घेतलं. बहुतेक म्हणायचं सोडलं. 'नाही दिसलं' म्हणायला मात्र कधी शिकले नाही, कारण खेळ थांबला असता, तुम्ही अंपायरला विचारलं असतं, आणि सगळ्यांनी विचारलं असतं, सरांना स्वतःला दिसलं नाही का?

तो रविवार. पंचवीस ओव्हरची मॅच, मॅटिंगची विकेट. जालन्याहून आलेल्या पाहुण्या संघानं आपला स्कोअरर आणलेला नव्हता, त्यामुळं वही एकच, तुमची. जिल्ह्याचा संघ निवडणारे दोघं येऊन शामियान्यात बसले होते. आपला सलामीचा खेळाडू खुलताबादचा, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, दर्ग्यासमोर चुलत्याच्या फुलं-चादरीच्या दुकानात बसणारा. सकाळच्या एसटीनं यायचा, किटबॅग नव्हती, बॅट गोणपाटात गुंडाळून आणायचा. त्या दिवशी तो असा काही मारत होता की शामियान्यातली माणसं उठून उभी राहिली होती. क्लबाकडून छोट्या मॅचमध्ये तोवर कुणाचं शतक नव्हतं.

अकरावी ओव्हर, चौथा बॉल. त्याच्या आधीच्या बॉलला तुमच्या पेन्सिलीचं टोक मोडलं होतं. मी वाकून पिशवीत दुसरी पेन्सिल शोधतेय. पिशवीत आईनं दिलेला डबा, तुमचा चष्मा पुसायचा रुमाल, पेन्सिल काही हाताला लागत नाही. तेवढ्यात 'ठप्' असा आवाज येतो. मी वर बघते तर बॉल फाइन लेगकडं चाललाय, दोघं पळतायत, आणि अंपायरचा हात मांडीवरून खाली येतोय. त्यानं खूण केली की हाताचा घाम पँटीला पुसला? पाय उचलला होता का? मला माहीत नाही. मी तुमच्या कोपराला बोट लावलं. तुम्ही हात वर केलात. खूण केलेला अंपायर पोच मिळेपर्यंत बघत राहतो, हा आपल्याकडं बघतही नव्हता. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"काय?" तुम्ही विचारलंत.

"लेग बाय," मी म्हणाले. ठामपणे, जसं तुम्हाला आवडायचं तसं.

पंचविसाव्या ओव्हरच्या शेवटच्या बॉलला आपलीच पोरं ओरडायला लागली, "एक पाहिजे! एक!" त्यांनी आपापल्या बोटांवर मोजलं होतं. त्यानं लाँगऑफकडं ढकलून एक काढली. दुसरी आरामात होती, पण तो अर्ध्यातच थांबला आणि बॅट वर केली. सगळे मैदानात धावले, त्याला खांद्यावर घेतलं. तुम्ही वहीवर वाकून बेरीज करत होतात. एकदा केलीत, मग उलट्या बाजूनं केलीत. "निन्यानबे," तुम्ही पुटपुटलात. मग माझ्याकडं वळून हळूच, "माय, नव्याण्णव येतायत." कुठली एक धाव कमी आहे ते मला लगेच कळलं होतं.

मला तिथंच बोलता आलं असतं. तुम्ही माझ्याकडं तोंड करून थांबला होतात. मी म्हणाले, "मग नव्याण्णवच."

जेवणाची सुट्टी झाली. सेक्रेटरी हसत हसत आले, "सर, पहिलं शतक! लाल शाईनं लिहा." तुम्ही वही त्यांच्यापुढं केलीत. त्यांचं हसू गेलं. पाच मिनिटांत आपल्या टेबलाभोवती वीस-पंचवीस माणसं. अंपायरला विचारा, कुणीतरी म्हणालं. त्या बाजूचे अंपायर रेल्वेतले होते, डाव संपल्या संपल्या ड्युटीसाठी मनमाडच्या गाडीला निघून गेले होते, बदली माणूस पांढरा कोट चढवत होता.

"सर, एका रनानं काय बिघडतंय?" सेक्रेटरी आवाज खाली आणून म्हणाले. "टोटल तेवढंच राहतंय, समोरच्यांचं नुकसान नाय. लेग बायचा एक काढा, त्याच्या नावावर टाका. निवडणारे बसलेत. पोराचं भलं होईल."

"झालेलं लिहायचं म्हणून मला इथं बसवलंय," तुम्ही म्हणालात. "भलं करायला नाही."

मागून कुणीतरी बोललं, "सरांना दिसतं तरी का?"

सेक्रेटरींनी तुमच्याकडं नीट निरखून पाहिलं. मग बोट लांब करून म्हणाले, "सर, रागावू नका. पण त्या लिंबाखाली कोण बसलंय, तेवढं सांगा."

लिंबाखाली पाहुण्या संघाचा कप्तान बसला होता, पॅड बांधत. मला दिसत होता. नुसतं एक नाव तुमच्या कानावर घातलं असतं तर निभावलं असतं, पण वीस जोडी डोळे माझ्या ओठांवर होते. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात. "लिंबाखालची माणसं मोजायला मी येत नाही. मी बॉल मोजतो," तुम्ही म्हणालात. आवाज कापत नव्हता.

कोण कुणावर धावून गेलं असतं सांगता येत नाही. तेवढ्यात आपला खुलताबादचा खेळाडूच पुढं आला. अजून पॅड बांधलेले, हात पाठीमागं. "जाऊ द्या ना साहेब. सर नव्याण्णव म्हणतेत तर नव्याण्णव. खेळ सुरू करा." आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. त्याची निवड झाली नाही. शतकामुळं झाली असती असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, पण झाली नाही एवढं खरं.

परत येताना तुम्ही लुनावर माझ्या मागं बसला होतात. क्रांती चौकाच्या चढावर तुम्ही विचारलंत, "माय, लेग बायच होता ना?" मी हो म्हणाले. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. रात्रीचं जेवण तुम्ही अर्धं टाकलंत. मी तुमच्या समोर बसून भाकरी मोडत राहिले, आणि दर घासाला वाटत होतं आता सांगावं. आई विचारत होती, काय झालं, दोघांची तोंडं अशी का? त्या आठवड्यात मी एक्स्चेंजात तीन वेळा चुकीच्या लाइनी जोडल्या.

बुधवारी तुम्ही पेन्शनच्या कामाला म्हणून एकटेच बाहेर पडलात आणि दुपार टळल्यावर आलात. चपला लाल मातीनं भरल्या होत्या. माझ्या हातून पाणी घेतलंत. आणि पुढच्या रविवारी मी पिशवी भरून उभी राहिले, तर म्हणालात, "आजपासून जायचं नाही." वह्या माळ्यावर टाकल्यात. मला वाटलं, झालेला अपमान तुम्हाला सोसला नाही. दोन वर्षांनी ऑपरेशन झालं, तुम्हाला लख्ख दिसायला लागलं, गच्चीवरून तुम्ही मला पाणचक्कीकडची झाडं दाखवलीत. मी म्हणाले, आता चला की मैदानावर. "आता काय बघायचं?" म्हणालात, आणि विषय बंद. पुढं दोन वर्षांत तुम्ही गेलात. मी सांगितलंच नाही.

त्या फोननंतर चार दिवस मी ती वही उघडून बघत होते. पाचव्या दिवशी खुलताबादला गेले. तो आता सत्तरीला टेकलाय. एसटीच्या वर्कशॉपात नोकरी केली, निवृत्त झाला, आता चुलत्याच्या त्याच दुकानात बसतो. गुलाबाच्या टोपल्या, हिरव्या चादरी, आणि त्यांच्यामध्ये चष्मा लावून तो. मी कोण ते सांगितलं तर उभाच राहिला. "सरांची ताई! आवो, बसा." नातवाला चहा आणायला पाठवलं. मी चहा येईपर्यंतही थांबले नाही. एका दमात सगळं सांगून टाकलं. सरांना दिसत नव्हतं, मी सांगत होते, त्या बॉलला मी पिशवीत बघत होते, मला माहीत नव्हतं आणि मी लेग बाय म्हणाले.

तो बराच वेळ गुलाबांवर पाणी शिंपडत राहिला.

"सर आलते इथं," तो म्हणाला. "त्याच आठवड्यात. एकटे, एसटीनं. लोकांना विचारत विचारत. मी याच पायरीवर बसलेलो. अगदी जवळ येऊन म्हणाले, 'मला लांबचं दिसत नाही, हे तुला एकट्याला सांगतो. अकराव्या ओव्हरला बॉल कशाला लागला? बॅटला की पायाला? तू सांगशील ते मी सगळ्यांसमोर जाऊन सांगेन, वहीत दुरुस्त करीन.'"

"मग?"

"मी म्हणलो, पायाला."

मला एकदम हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू. पण तो माझ्याकडं बघत नव्हता.

"लागला होता ग्लोव्हला," तो म्हणाला. "अंगठ्यावर बसला. नख काळं पडून गळालं पुढं. रन माझाच होता, ताई."

ग्लोव्हला म्हणजे बॅटलाच लागल्यासारखं. धाव त्याची. शतक त्याचं.

"मग खोटं का बोललात?"

"तो माणूस तीस किलोमीटर आला, दिसत नसताना. मी 'ग्लोव्ह' म्हणलो असतो तर दुसऱ्या दिवशी मैदानावर उभा राहून म्हणला असता, मी आंधळाय, माझी चूक झाली. अन् ते लोक हसले असते. मला ते बघवलं नसतं. आमच्या अब्बांना बी शेवटी दिसत नव्हतं. पण एक सांगू? जाताना सरांनी माझा हात हातात घेतला. दाबला. अंगठा सुजलेला, पट्टी बांधलेली. मी कळवळलो. सर तसेच थांबले. पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणले, 'बरं.' तेवढंच. अन् गेले."

अण्णा, तुम्हाला कळलं होतं. बॉल त्याच्या अंगठ्याला लागला होता, तुमच्या मुलीनं न बघता सांगितलं होतं, आणि तो तुमची अब्रू राखायला खोटं बोलत होता, हे सगळं त्या पट्टीवरून तुम्हाला कळलं. आणि तुम्ही वही दुरुस्त केली नाहीत. दुरुस्त करायची तर चूक कशी झाली ते सांगावं लागलं असतं, आणि माझं नाव घ्यावं लागलं असतं. चुकीचा आकडा तुम्ही माझ्यासाठी राहू दिलात, आणि तो तसा ठेवून पुन्हा त्या टेबलावर बसणं तुम्हाला जमलं नाही. मी पाण्याचा पेला पुढं केला तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं. मला एक शब्द बोलला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं.

मी त्याला म्हणाले, आता वेबसाइटवर शंभर लिहायला सांगते. तो हात हलवायला लागला. "नको, ताई. म्हातारपणी आकडा फिरवून घेतला म्हणतील. घरात बी सगळ्यांना नव्याण्णवच सांगितलंय." मी म्हणाले, तुमच्यासाठी नाही, सरांच्या वहीसाठी. त्यावर तो म्हणाला, "वही तुमची हाय. तुमचं तुम्ही बघा." निघताना त्यानं पुडीत गुलाब बांधून दिले आणि नातवाला म्हणाला, "यांच्या वडिलांनी मला आउट नाय होऊ दिलं कधी." त्याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींना फोन केला. शंभर नाबाद, म्हणाले, आणि कसं ते सांगितलं. त्यांनी चांगुलपणानं ऐकून घेतलं. "खाली टीप टाकतो मॅडम, स्कोअररच्या चुकीची दुरुस्ती."

"कुठल्या स्कोअररच्या?"

"सरांच्याच ना. वहीत सही त्यांचीच आहे."

इथं मी अडकले. टीप तशीच जाऊ दिली तर तुम्ही कधी न केलेली चूक कायमची तुमच्या नावावर. तसं होऊ द्यायचं नसेल तर तुम्हाला दिसत नव्हतं हे सांगायला हवं, जे तुम्ही लिंबाच्या झाडासमोर सगळ्यांपुढं जिवापाड झाकलंत. मग मी सांगितलं. चार हंगाम सरांना लांबचं दिसत नव्हतं, प्रत्येक बॉल मी सांगत होते, तो बॉल मी बघितला नव्हता, चूक माझी. तुमचं गुपित मी फोडलं. तुम्हाला विचारून फोडता आलं नाही, म्हणून हे पत्र. ते कुठं पाठवायचं नाहीच.

काल वेबसाइटवर ते पान लागलं. तुमच्या नावाखाली, त्या चार हंगामांसाठी, स्कोअरर म्हणून माझंही नाव घातलंय. चूक कुणाची ते कळावं म्हणून घातलंय. मला लाज वाटायला हवी होती. पण अण्णा, मी ते पान सकाळपासून तीनदा उघडलं, आणि तिन्ही वेळा ते नाव बघून मला आनंदच झाला.